कासवाचं नाव काय होतं?

ताई, नमस्कार.

मी पुण्यात बाणेरला राहतो. वय 41, आयटीत नोकरी. मुलगा 11 वर्षांचा आहे आणि पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस. दोन वर्षांपासून त्याचं एकच टुमणं चालू आहे, घरात प्राणी हवा. कुत्र्यावरून सोसायटीत कटकटी होतात, म्हणून मी त्याला ग्रीन इग्वाना, म्हणजे पालीसारखा दिसणारा परदेशी सरडा, द्यायचं ठरवलंय. विकणारा म्हणतो, पालेभाजी खातो, आवाज नाही, वास नाही, काचेच्या पेटीत सुखाने राहतो. आत्ता हातभरसुद्धा नाहीये. नावही ठरवलंय, रॉकी.

बायकोचा ठाम विरोध. ‘घरात पाल निघाली तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तू विकत आणतोयस!’ आठवडाभर अबोला आहे.

तसे आम्ही प्राण्यांना नवखे नाही. वास्तुशांतीला मित्राने दिलेलं छोटं कासव आम्ही चार वर्षं सांभाळलं. पुढे ते मोठं झालं, पाण्याला वास येऊ लागला, हिचीही रोज कुरकुर, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पाषाण तलावात सोडून आलो. ही डबा मांडीवर घेऊन बसली होती. मुलाला सांगितलं, ते त्याच्या आईकडे गेलं. असो.

मुलगा फार चौकस आहे. परवा विचारत होता, ‘बाबा, इग्वाना केवढा होतो? आणि मोठा झाल्यावर आपण काय करायचं?’

तर ताई, इग्वाना पाळणं शहाणपणाचं आहे का? कायद्याची काही अडचण? आणि बायकोला कसं राजी करू?

— एक प्राणीप्रेमी बाबा

*

तुमच्या पत्रात ‘असो’ एकदाच आलंय आणि मी तिथेच अडले. त्याच्या आधीच्या चार ओळींत तुम्ही एक जिवंत प्राणी तलावात टाकून आलात, मुलाशी खोटं बोललात, आणि ‘असो’ म्हणून पुढे निघालात. विचारलंय इग्वानाबद्दल, पण मी कासवापासून सुरू करणार.

वास्तुशांतीला भेट येणारं, नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार, प्लास्टिकच्या ताटात प्लास्टिकच्या नारळाखाली ठेवून विकलं जाणारं कासव बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं: रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असतो. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. लहान मुलं ही पिल्लं तोंडात घालत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडत, म्हणून 1975 पासून अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकणं बंद आहे. पण कासवांच्या शेतीत पिल्लं निपजतच राहिली आणि ती जगभर गेली. तुमच्या मित्राने ‘घरात लक्ष्मी येते’ म्हणून दिलं असेल, अनेक जण देतात. ते केवढं होतं हे त्याने सांगितलं नसेल आणि तुम्हीही विचारलं नसेल. मादी जेवणाच्या ताटाएवढी होते. नीट ठेवलं तर तीस वर्षं जगते. म्हणजे तुमचं कासव तुमच्या निवृत्तीपर्यंत घरात असायला हवं होतं.

आणि वास कासवाचा नसतो हो. ते पाण्यातच खातं, पाण्यातच घाण करतं, त्यामुळे मोठी टाकी, चांगला फिल्टर आणि वरचेवर पाणी बदलणं एवढं लागतंच. वास आला तो न बदललेल्या पाण्याचा.

मग तुम्ही ते ‘सोडून’ दिलंत. या शब्दाने आपल्याकडे फार लोकांची सोय झाली आहे. पिंजऱ्यातला पक्षी सोडला की पुण्य, देवळाच्या विहिरीत कासव सोडलं की पुण्य. देवाच्या समोर दगडाचं कासव बघत वाढलेली माणसं आपण, कासवाचं वाईट करतोय असं आपल्या मनातही येत नाही. पण पाषाण तलाव रामनदीवर आहे. पावसाळ्यात तो भरून वाहतो आणि रामनदी पुढे मुळेला मिळते. तुम्ही तलावात सोडलं असं तुम्हाला वाटतंय. खरं तर तुम्ही ते नदीला देऊन आलात.

ते मेलं असेल का, असा प्रश्न तुम्हाला पडला नाही, निदान पत्रात तरी नाही. मला वाटतं ते जगलं असेल. ही जात चिवट आहे. बेडकांची पिल्लं, किडे, छोटे मासे, पाणवनस्पती, मेलेलं काहीही खाते, घाण पाण्यातही तग धरते. जगातल्या सर्वांत घातक 100 परक्या आक्रमक प्रजातींची एक यादी आहे, तिच्यात या कासवाचं नाव आहे. युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात बंद केली. तिथल्या अभ्यासकांनी स्थानिक कासवं आणि ही कासवं एकाच तळ्यात ठेवून पाहिली, तेव्हा ऊन खायच्या चांगल्या जागा लाल पट्टेवाल्यांनी बळकावल्या आणि स्थानिक कासवांचं वजन घटत गेलं. कासवाला ऊन खाण्याची चैन नसते, उन्हाशिवाय त्याचं अन्न पचत नाही. म्हणजे एका खडकावरून हुसकावणं हे ताटावरून उठवण्यासारखं आहे.

आपल्याकडे आपली कासवं आहेत. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात रुतून पावसाची वाट बघणारं, पाठ मऊ असलेलं कासव आहे. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. लीथचं मऊ पाठीचं कासव तर भारताच्या द्वीपकल्पातल्या नद्या सोडून जगात कुठेच नाही, आणि शिकारीने व बिघडलेल्या नद्यांनी ते आता अतिसंकटग्रस्त झालंय. या पाण्यात आपण मिसिसिपीचं कासव आणून टाकतो. तुम्ही एकटे नाही टाकलंत, हे मला माहीत आहे. माशांच्या टाकीतला काच चाटणारा सकर मासाही असाच कोणाकोणाच्या घरातून निघाला आणि देशातल्या कितीतरी नद्यांत पसरला. प्रत्येकाने एकेकच सोडला होता.

आता ‘आईकडे गेलं’.

आपल्या संतांनी कासवीची फार सुंदर प्रतिमा वापरली आहे. ती पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने त्यांना वाढवते. ती प्रतिमा मलाही प्रिय आहे. पण प्रत्यक्षातली कासवी मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू आईला कधी बघतच नाही. तुमच्या कासवाची आई असलीच तर सात समुद्रांपलीकडच्या एखाद्या शेततळ्यात होती. तुमच्या मुलाला हे आज माहीत असणार. यूट्यूबवर प्राण्यांचं बघणाऱ्या 11 वर्षांच्या मुलाला कासवांबद्दल एवढं नक्की कळतं.

मी आठ वर्षांची असताना आमचा खंड्या नावाचा कुत्रा नाहीसा झाला. ‘आत्याच्या गावी पाठवलाय, शेतावर मजेत आहे,’ असं मला सांगितलं गेलं. मी त्याच्यासाठी पोळ्यांचे तुकडे रुमालात बांधून ठेवायची, कोणी गावी निघालं की देता येतील म्हणून. सहा वर्षांनी आत्याच्या गावी गेले आणि पहिला प्रश्न तोच विचारला. आत्या म्हणाली, ‘कोण खंड्या?’ कुत्रा गेल्याचं दुःख एव्हाना विरलं होतं. पण त्या दोन शब्दांनी वडिलांच्या किती गोष्टी मला पुन्हा तपासून बघाव्या लागल्या, हे त्यांना कधीच कळलं नाही.

तुमच्या पत्नीला कसं राजी करायचं, हे मी सांगणार नाही. तिची बाजूही मी घेणार नाही. तिचा इग्वानाला विरोध आहे तो पाल आवडत नाही म्हणून. त्या रविवारी कासवाचा डबा तिच्याच मांडीवर होता, आणि गाडी परत वळवू या असं ती म्हणाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आता तुम्ही दोघं अबोला धरून आहात, पण ज्या गोष्टीवर बोलायला हवं तिच्याबद्दल दोन वर्षं दोघांचंही एकमत आहे: ती काढायचीच नाही.

इग्वानाचं उत्तर थोडक्यात देते, कारण ते अवघड नाही. आणू नका. आज हातभरही नसलेला तो प्राणी शेपटीसकट पाच-सहा फूट होतो आणि पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. काचेची पेटी त्याला वर्षभरही पुरणार नाही, नंतर एक खोलीच लागते. त्याला तिशीच्या पुढचं तापमान हवं, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो. हाडांसाठी त्याला उन्हातले अतिनील किरण हवेत. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. खास दिवा लागतो आणि तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. हे चुकलं की जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, आणि हे सगळं आवाज न करता होतं. ‘आवाज नाही’ हा विकणाऱ्याने सांगितलेला गुण आहे ना, तोच या प्राण्याचा घात करतो. वयात आलेला नर विणीच्या काळात मालकावरही धावून जातो. त्याचे दात बारीक करवतीसारखे असतात आणि शेपटीचा फटका मुलाच्या तोंडावर बसू शकतो. बाकी, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांतले किती जण तुमच्या भागात सरपटणाऱ्या प्राण्यावर उपचार करतात, हे आधी फोन करून विचारून बघा.

कायदा: 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांसाठी वन्यजीव कायद्यात चौथी अनुसूची आली आणि इग्वाना तिच्यात आहे. फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, सगळं कळवावं लागतं. विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नसेल तर त्याच्याकडून आणखी काही ऐकूच नका.

आणि इग्वाना ‘सोडून दिले’ की काय होतं तेही बघा. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर ते पाळीव म्हणून आले आणि बाहेर पसरले. 2018 पासून तिथल्या सरकारने माणसांना पैसे देऊन 10 लाखांहून जास्त इग्वाना मारवले. त्या प्राण्यांनी कोणाचं काय वाईट केलं होतं? कोणाच्या तरी घरात ते मोठे झाले, एवढंच.

पण कागद, दिवा, खोली, डॉक्टर, सगळं जमवलंत तरी माझं उत्तर बदलणार नाही. तुमच्या मुलाचा प्रश्न पुन्हा वाचा. ‘मोठा झाल्यावर आपण काय करायचं?’ तुम्हाला त्यात चौकसपणा दिसला. दोन वर्षांपूर्वी कासव गेलं आणि दोन वर्षांपासून त्याचं टुमणं चालू आहे, हे तुम्हीच लिहिलंय, फक्त दोन वेगळ्या परिच्छेदांत. त्या मुलाला माहीत आहे, बाबा. बारकावे नसतील माहीत, पण या घरात मोठं होऊन अडचण करणाऱ्याचं एका रविवारी काहीतरी होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, एवढं त्याला पक्कं कळलंय. तो इग्वानाबद्दल विचारत नव्हता. तो तुम्हाला सांगायची एक संधी देत होता, तीसुद्धा किती हळुवारपणे, तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून. मला त्या मुलाची काळजी वाटते, आणि खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल फार माया दाटून येते.

म्हणून येत्या रविवारी त्याला घेऊन पाषाण तलावावर जा. वाढदिवसाची वाट बघू नका. पत्नीलाही बरोबर न्या. जिथे गाडी थांबवली होती तिथेच थांबवा आणि सांगा: कासव आईकडे गेलं नाही, आम्ही ते इथे सोडलं, कारण त्याचं करायचा आम्हाला कंटाळा आला होता, आणि तुला खोटं सांगितलं. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द मध्ये आणू नका. तो रडला तर रडू द्या. चिडला तर ‘आता झालं ना ते’ म्हणून त्याला गप्प करू नका. त्याने विचारलं की आता काय करता येईल, तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक त्याच्यासमोर लावा आणि या तलावात परकं कासव सोडल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगा. ते धरायला पाण्यात उतरू मात्र नका.

सकाळी जा, नऊच्या सुमाराला. ऊन चढायला लागलं की कासवं दगडांवर, ओंडक्यांवर येऊन बसतात. दुर्बीण असेल तर घ्या, डोळ्यामागचा लाल पट्टा लांबूनही ओळखू येतो.

आणि एक. चार दिवसही घरात नसलेल्या इग्वानाचं नाव तुमच्या पत्रात आहे, चार वर्षं घरात असलेल्या कासवाचं नाही. मुलाला ते आठवत असणार. त्याच्याकडून ऐका आणि मला कळवा.

— तुमची ताई