गेटडेंट्स६४ वापरल्यावर पहिलं नाव नीट येतं, पुढे सगळा कचरा का?

म्हणजे लिनक्सवर डिरेक्टरीला साधं 'रीड' लावलं तर 'इज अ डिरेक्टरी' अशी एरर आली, म्हणून तुम्ही फोल्डरातल्या नोंदी देणारा गेटडेंट्स६४ हा सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, थेट केलेली विनंती) गाठला. इथवर ठीक. घोटाळा तुमच्या कोडमधल्या लूपच्या शेवटच्या ओळीत आहे: पॉइंटर तुम्ही 'साइझऑफ'ने, म्हणजे स्ट्रक्टच्या (नोंदीच्या साच्याच्या) ठरावीक मापाने, पुढे सरकवताय.

बफरमधल्या नोंदी एका मापाच्या नसतात. आधी ८ बाइट आयनोड (फाइलचा क्रमांक), मग ८ बाइट ऑफसेट (डी_ऑफ), २ बाइट नोंदीची लांबी, १ बाइट प्रकार. नाव सुरू होतं ते या १९ बाइटांनंतर. '.' या नोंदीचे शेवटच्या शून्यासकट २१ बाइट होतात, कर्नल ते आठच्या पटीत नेऊन २४ करतो. तुमचं स्ट्रक्ट मात्र नावाला २५६ बाइट धरून २८० चं झालंय. पहिल्याच उडीत तुम्ही भलत्याच नोंदीच्या पोटात पडता. उडी डी_रेकलेन (तीच वरची नोंदीची लांबी) सांगेल तेवढीच मारायची.

गंमत म्हणजे १९७९च्या सातव्या युनिक्समध्ये तुमची पद्धत चालली असती. तिथे प्रत्येक नोंद बरोबर १६ बाइटांची, २ आयनोडला आणि १४ नावाला, आणि 'रीड'ही चालायचं. आता प्रत्येक फाइलसिस्टिम डिस्कवर आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवते, म्हणून मध्ये कर्नल दुभाषा लागतो.

कोडमध्ये अजून एक सुरुंग दिसला. प्रकार 'डीटी_डिर' (डिरेक्टरी) नसेल ते सगळं तुम्ही फाइल मानताय. काही फाइलसिस्टिम प्रकार सांगतच नाहीत, 'डीटी_अननोन' देऊन मोकळ्या होतात. बॅकअपच्या एका टूलमध्ये मी हेच केलं होतं. दुसऱ्या डिस्कवर ते एकाही उपफोल्डरात शिरलं नाही आणि तरी 'काम झालं' म्हणून सांगत राहिलं. अननोन आलं की एलस्टॅट (फाइलची माहिती विचारणारा कॉल) करून प्रकार बघा.

एका कॉलमध्ये सगळं येईल असंही धरू नका, शून्य परत येईपर्यंत विचारत राहायचं. आणि डी_ऑफवर बेरीज-वजाबाकी नको, ती फक्त कर्नलला कळणारी खूण आहे.

शिकण्यासाठी करत असाल तर उत्तमच. नाहीतर रीडडिर हे तयार लायब्ररी फंक्शन वापरा. स्ट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावून बघितलंत तर त्याच्याखाली हाच कॉल दिसेल.