धर्ममाता कुठून आणू?

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय 36, सहकारी बँकेत नोकरी, घर हिंदू. दोन वर्षं दर रविवारी इथल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला जाते, शेवटच्या बाकावर बसते. गेल्या पावसाळ्यापासून फादरांकडे धर्मशिक्षण चालू आहे आणि येत्या ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा घ्यायचं ठरतंय. नवऱ्याची हरकत नाही, पण तो स्वतः धर्म बदलणार नाही. आता फादर म्हणतात, 'तुमची स्पॉन्सर कोण ते ठरवा.' चर्चमध्ये माझी ओळख 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलेली नाही. मला या वाटेवर आणलं माझ्या मिरजेच्या मैत्रिणीनं, पण ती प्रोटेस्टंट, म्हणून ती चालणार नाही म्हणे. तिला हे कसं सांगू? आणि परक्या बाईला 'माझी धर्ममाता व्हा' असं कुठल्या तोंडानं म्हणू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वयानं बरीच मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आधी तो 'स्पॉन्सर' शब्द बाजूला ठेव. आपल्याकडे स्पॉन्सर म्हटलं की गणेशमंडळाच्या कमानीवर ज्याचा फोटो झळकतो तो, आणि गॉडफादर म्हटलं की ज्याच्या जिवावर कुणी झेडपीला उभा राहतो तो. इथं पैशाचा संबंध नाही, वशिल्याचाही नाही. फादर बहुधा दोन कामं एकाच शब्दात सांगतायत. शिकण्याच्या काळात सोबत करणारं माणूस एक. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला निवडीचा विधी होतो, म्हणजे बाप्तिस्मा घेणाऱ्यांची निवड चर्च पक्की करतं, तिथून बाप्तिस्म्यापर्यंत आणि पुढं जन्मभर पाठीशी राहणारी धर्ममाता किंवा धर्मपिता हे दुसरं. पुष्कळदा दोन्ही कामं एकच जण करतो, पण तशी सक्ती नाही. सोबतीण चर्चनं सुचवली तरी चालते. धर्ममाता मात्र तू निवडायची आणि फादरांनी 'हो' म्हणायचं.

नियम थोडेच आहेत. ती कॅथलिक हवी, 16 वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेतलेली, श्रद्धेला साजेसं जगणारी. स्वतःचे आईवडील चालत नाहीत. एक जण पुरे. दोघं हवेच असतील तर एक बाई, एक पुरुष. आपल्या भागात आणखी एक गोंधळ होतो. चर्चमधली मल्याळी कुटुंबं पाहून आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो. सिरो-मलबार हे केरळचं चर्च कॅथलिकच, तिथले लोक चालतात. मार थोमा किंवा ऑर्थोडॉक्स ही चर्चं मात्र कॅथलिक नाहीत, त्या घरातली शेजारीण कितीही भाविक असली तरी तिला एकटीला ही जागा देता येत नाही. विचारून घे, संकोचू नकोस.

आता मैत्रीण. मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की वानलेस हॉस्पिटल आणि प्रेस्बिटेरियन मिशनच आधी आठवतं, त्यामुळे तुझ्यासारखी अडचण आमच्याकडे नवी नाही. 'ती चालणार नाही' हे अर्धंच उत्तर आहे. बाप्तिस्मा झालेली प्रोटेस्टंट व्यक्ती धर्ममाता होऊ शकत नाही, पण कॅथलिक धर्ममातेच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. चर्चच्या कायद्यातच तशी सोय आहे. फादरांना 'साक्षीदार' हा शब्द वापरून पुन्हा विचार. मैत्रिणीला सांगताना मात्र 'तुला परवानगी मिळाली' असं म्हणू नकोस, ते लागतं. बाप्तिस्म्यानंतर अंगावर पांढरं वस्त्र घालतात. ते घालण्याचा मान धर्ममातेचा, पण ती पांढरी साडी विकत कुणी आणायची याला नियम नाही. मैत्रिणीला घेऊन दुकानात जा.

परक्या बाईचं म्हणशील तर माझीच गोष्ट सांगते. मी 29 वर्षांची, साताऱ्यात शिक्षिका होते. धर्मपिता म्हणून मी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना विचारलं, कारण ते फार सुंदर वाचन करायचे. खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे माझंही वजन वाढेल असं वाटलं होतं. त्यांनी तीन जाड पुस्तकं दिली आणि दोन महिन्यांत मुलाकडे पुण्याला निघून गेले. उपवासकाळ पंधरा दिवसांवर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या बाकावर दर रविवारी एक मल्याळी नर्स बसते. मला गीताचं पान कधीच सापडायचं नाही. ती काही न बोलता स्वतःचं पुस्तक माझ्याकडे सरकवायची आणि ओळीवर बोट ठेवायची. वर्षभर. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं, सगळे चेची (मल्याळीत ताई) म्हणायचे म्हणून मीही म्हणायची.

पोवई नाक्यावर भाजी घेताना गाठून तिला विचारलं. ती म्हणाली, "मला मराठी नीट येत नाही, मी काय शिकवणार?" मी म्हटलं, "शिकवायला फादर आहेत." निवडीच्या विधीत धर्मगुरू सगळ्यांसमोर धर्ममातेला विचारतात : हिनं देवाचं वचन मनापासून ऐकलं का, त्याप्रमाणे चालायला लागली का, प्रार्थनेत सामील झाली का? चेचीनं 'हो' म्हटलं ते पाहून म्हटलं. लष्करी साहेबांनी ते ऐकीव माहितीवर म्हटलं असतं. दोनेक वर्षांनी आई गेली. घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं, 'बाटली' हा शब्द दाराआडून ऐकू यायचा. चेची ड्यूटी संपवून तेरा दिवस रोज यायची आणि मागच्या अंगणात भांडी घासत बसायची.

म्हणून विद्वान शोधू नकोस, आणि चर्चच्या समितीवरचं वजनदार नाव तर मुळीच नको. शेवटच्या बाकावरून उठ. महिनाभर एकाच ठिकाणी, मधल्या बाकावर बस आणि मिस्सा संपल्यावर लगेच स्कूटीकडे धावू नकोस. पाऊस असेल तर पोर्चमध्ये दहा मिनिटं थांबावंच लागतं. माझ्या अनुभवानं सांगलीतल्या निम्म्या ओळखी तिथंच होतात. तू आली नाहीस तर 'मागच्या रविवारी दिसला नाहीत' म्हणणारी बाई भेटेल. तिला विचार, आणि सरळ विचार : "फादर म्हणतात मला कुणीतरी हवं. तुम्ही उभ्या राहाल का?" नाही म्हणाली तर तो तुझा अपमान नव्हे. बदलीची नोकरी असेल, घरी काही असेल. दुसरीला विचार. कुणीच सापडलं नाही तर फादरांना स्पष्ट सांग, तेही सुचवतील. धर्ममाता नाही म्हणून कुणाचा बाप्तिस्मा अडून राहत नाही. कायद्यात 'शक्यतो' असाच शब्द आहे.

एकच घाई कर. बाई केरळची किंवा गोव्याची निघाली तर फादर तिच्या मूळ चर्चचा दाखला मागू शकतात, आणि तो यायला वेळ लागतो. नाताळच्या आत विचार.