संगणकाला जात, धर्म, लिंग यांपैकी काहीच कळत नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये राजकारण कशासाठी आणायचे?

आपण विचारले आहे की, मी सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी करते, स्वतःला पुरोगामी म्हणवते, आणि तंत्रज्ञानाविषयी लिहिताना जात, स्त्री-पुरुष भेद, सरकारी योजना हे विषय दर वेळी मध्ये येतात. यंत्र सर्वांना सारखेच वागवते, तर मग हे कशासाठी? मी सतरा वर्षे या व्यवसायात आहे आणि त्यांतील बहुतेक काळ मी लोकांकडून अर्ज भरून घेणारी सॉफ्टवेअर लिहिली आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी अर्जातल्या एका रकान्यापासून देते.

मी चार वर्षांची असताना माझे वडील घर सोडून गेले आणि त्यांनी दुसरा संसार मांडला. घटस्फोट झाला नाही, पोटगीचा दावा झाला नाही; आईने शिवणकामावर मला वाढवले. २००५ साली अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. तालुक्याच्या गावी एका संगणक केंद्रात आम्ही दोघी बसलो होतो. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी अर्ज अडला, कारण तो रिकामा सोडला की लाल अक्षरांत सूचना येत असे. आई काही बोलेना. केंद्र चालवणाऱ्या मुलाने तिच्याकडे एकदा पाहिले, त्या रकान्यात एक टिंब दिले आणि बटण दाबले. अर्ज पुढे सरकला. त्या टिंबावर माझे शिक्षण झाले असे मी म्हणते, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

सात वर्षांनी मी स्वतः एका पतसंस्थेसाठी कर्जाच्या अर्जाचे सॉफ्टवेअर लिहीत होते. चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने तक्रार नोंदवली की, नावाच्या रकान्यांत लोक टिंब, रेघ, शून्य असे काहीही टाकतात आणि त्यामुळे माहिती अशुद्ध होते. तक्रार बरोबर होती. ‘पती किंवा वडिलांचे नाव’ या रकान्यात किमान दोन अक्षरे असलीच पाहिजेत, असा नियम मी अर्ध्या तासात लिहिला, आणि त्या दिवशी माझ्या मनात दुसरा कोणताही विचार आला नाही. काही महिन्यांनी एका शाखेतून मदतकक्षाकडे विचारणा आली: महिला अर्जदार आहे, नवरा नांदवत नाही, ती त्याचे नाव लावत नाही, वडील वारले आहेत आणि त्यांचे नाव लिहिले तर कागदपत्रांशी जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो, काय करावे? मदतकक्षाने दिलेले उत्तर त्याच नोंदीखाली होते: ‘पतीच्या जागी भावाचे नाव टाका.’ म्हणजे माझ्या नियमाने माहिती शुद्ध झालीच नाही. ज्या बाईला खरे सांगायचे होते तिला खोटे लिहायला लावून तो अर्ज ‘वैध’ ठरत होता, आणि ज्या फटीतून मी स्वतः पुढे आले ती फट मी माझ्याच हाताने बुजवली होती.

हा नियम लिहिताना मी कोणत्याही पक्षाचा विचार करत नव्हते, तरीही प्रत्येक प्रौढ स्त्रीच्या मागे एक पुरुष असतो आणि त्याचे नाव सांगणे तिला शक्य असते, असा एक निर्णय मी तिथे घेतला होता. माझ्या लेखी राजकारण म्हणतात ते हेच. कोण मोजले जाईल, कोणाला आधी स्वतःविषयी खुलासा द्यावा लागेल आणि कोणाला परत पाठवले जाईल, हे ठरवणे म्हणजे राजकारण. मग ते विधानसभेत ठरो किंवा एखाद्या रकान्याशेजारच्या, तो भरणे सक्तीचे आहे असे सांगणाऱ्या लाल चांदणीने ठरो.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. योजनेच्या पात्रतेतच विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार असे शब्द आहेत. म्हणजे धोरण लिहिणाऱ्यांना या बायका दिसत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, सक्तीची झाली, तेव्हा मात्र संकेतस्थळाने स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासण्याचा हेतू समजण्यासारखा आहे आणि सार्वजनिक पैशांच्या बाबतीत तपासणी हवीच, असे माझे मत आहे. परंतु ज्या नवऱ्याने टाकले त्याला फोन करून ‘आलेला आकडा सांगा’ अशी विनवणी करणे, हे त्या दीड हजारांसाठी परित्यक्तेला करावे लागत होते. आरडाओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली आणि पती किंवा वडील हयात नसलेल्या, तसेच घटस्फोटित स्त्रियांना मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. यातून विधवेचा प्रश्न सुटतो. माझ्या आईसारखीचा सुटत नाही, कारण नवऱ्याने नुसते सोडून दिले असेल तर यांपैकी एकही कागद तिच्याकडे नसतो. शासननिर्णयात असलेला ‘परित्यक्ता’ हा शब्द संगणकाच्या पडद्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडला, आणि तो जिथे गळला त्या ठिकाणी माझ्यासारखे कोणीतरी बसलेले असते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नोंद बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करायची. हा निर्णय वाचून मला मनापासून आनंद झाला. मग त्याच संध्याकाळी कामाचा विचार सुरू झाला: नावाचे तीन भाग धरून बांधलेल्या हजारो डेटाबेसमध्ये हे चौथे नाव जाणार कुठे? मधल्या नावाच्या जागी आई आणि वडील एकत्र लिहिले, तर पुढे बँकेत, शाळेत, पारपत्राच्या अर्जात नावे जुळणार नाहीत आणि त्याचा भुर्दंड पुन्हा आईलाच पडेल. पुरोगामी निर्णय घेणे हे अर्धे काम असते. उरलेले अर्धे काम डेटाबेसमधल्या स्तंभांची रचना बदलण्याचे असते, आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे कोणी त्याची बातमी करत नाही.

आपल्या प्रश्नातला मुख्य दावा, म्हणजे संगणकाला जात कळत नाही हा, मला सर्वांत जास्त खटकतो. जात कळण्यासाठी जातीचा रकाना लागत नाही, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कोणाला वेगळे सांगायला नको. ‘आडनाव काय?’, ‘मूळ गाव कोणते?’ एवढ्या दोन प्रश्नांत आपल्याकडे माणूस जोखला जातो. मूळचे अमरावती जिल्ह्याचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते; फरक एवढाच की, काही अर्जांवर उच्चवर्णीय हिंदू नाव होते, काहींवर दलित आणि काहींवर मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला उच्चवर्णीय नावाच्या दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांशाच्या आसपास होती. आता अशाच निवडींच्या जुन्या नोंदी एखाद्या यंत्राला शिकवा आणि आलेल्या अर्जांची प्रतवारी करायला सांगा. यंत्राला जातीचा अर्थ कळणार नाही, पण कोणत्या आडनावांची, कोणत्या गावांची, कोणत्या महाविद्यालयांची माणसे पूर्वी घेतली गेली हे ते बिनचूक शिकेल. ॲमेझॉनने तयार करून पाहिलेल्या अशाच एका साधनाची बातमी रॉयटर्सने २०१८ साली दिली होती. ते स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले होते आणि कंपनीने ते बाजूला ठेवले. माणसाने केलेल्या भेदभावाला निदान जाब विचारता येतो. तोच भेदभाव गुणांकनाच्या रूपात समोर आला की त्याला गुणवत्ता म्हणतात.

म्हणून मग जात विचारूच नये, असे माझे म्हणणे नाही. जे मोजले जात नाही त्यावर हक्क सांगता येत नाही, म्हणून जातनिहाय गणनेला माझा पाठिंबा आहे. मात्र मोजणीची रचना हा माझ्या व्यवसायाचा विषय आहे आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणाचे काय झाले ते अभियंत्यांनी अभ्यासण्यासारखे आहे. इतर मागासवर्गीयांची आकडेवारी मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की, १९३१ च्या जनगणनेत जातींची संख्या ४,१४७ होती आणि या सर्वेक्षणात ती ४६ लाखांहून अधिक भरली. महाराष्ट्रात अधिकृत प्रवर्गांतील जाती ४९४ असताना नोंदल्या गेल्या ४,२८,६७७. लोकांनी खोटे सांगितले म्हणून हे झालेले नाही. आधी पडताळलेली यादी नव्हती, समोरचा जे उच्चारेल ते प्रगणक आपल्या लेखनपद्धतीने टिपत गेला, आणि एकाच समूहाची जात, पोटजात, कुळी, आडनाव या सर्वांची वेगवेगळी नोंद झाली. मोकळा रकाना दिला की असे होते, हे आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलांनाही ठाऊक असते. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला आहे. या वेळी प्रत्येक जातीला ठरावीक संकेतांक देणारी यादी असावी, त्याबरोबर माणसाने सांगितलेला मूळ शब्दही जसाच्या तसा जपला जावा, आणि ज्याला जात सांगायची नाही त्याला तसे नोंदवता यावे, या तीन गोष्टींसाठी मी जिथे जमेल तिथे बोलते. आंतरजातीय घरातल्या माझ्या मुलीने पुढे काय लिहायचे ते तिने ठरवावे, एवढी जागा त्या रकान्यात असली पाहिजे.

कामाच्या ठिकाणी मी यातले काय करते, हेही आपण विचारले आहे. मी भाषणे देत नाही. नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत मी प्रत्येक अनिवार्य रकान्यापाशी थांबते आणि विचारते की, ज्याच्याकडे याचे उत्तर नाही तो माणूस पुढे काय करेल, आणि त्याचे म्हणणे ऐकायला पडद्यापलीकडे कोण असेल? आधार क्रमांकाचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला पडताळणीचा अंक असतो. एखादा अंक चुकला तर यंत्र ते तत्क्षणी पकडते. टाइप करणाऱ्याच्या चुकीची इतकी काळजी घेणारे आम्ही, ऊसतोड करून बोटांचे ठसे झिजलेल्या बाईला रेशन दुकानातल्या यंत्राने ओळखले नाही तर पुढे काय, हा प्रश्न मात्र ‘नंतर पाहू’ म्हणून टाळतो.

पतसंस्थेच्या त्या अर्जात मी पुढे ‘लागू नाही’ हा पर्याय घातला, आणि नाव पती-वडिलांचेच हवे ही अट काढून ‘जवळची व्यक्ती व तिच्याशी नाते’ असे दोन रकाने केले. बदल दोन दिवसांचा होता. तो मान्य करून घ्यायला पाच महिने लागले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ग्राहकाच्या कामात मी हाच मुद्दा मांडला. त्यांच्या प्रतिनिधीने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, अशा बायका एकूण अर्जदारांत फार थोड्या असतील, पुढच्या आवृत्तीत बघू. त्या थोड्या किती, हे त्यांना मोजता येणारच नाही. कारण ज्यांचा अर्ज पुढे सरकत नाही त्यांची त्या व्यवस्थेत कुठेच नोंद होत नाही. मी हा आक्षेप लेखी देऊन ठेवला आहे. तो रकाना अजून अनिवार्य आहे, आणि पुढच्या आवृत्तीची बैठक फेब्रुवारीत आहे.