नियमित सायकल चालवणाऱ्या बाईने वजन टिकवण्यासाठी रोज किती खावे?

वय ३१, वजन ५४ किलो, आठवड्याला साधारण १५० किलोमीटर सायकल, वजन घटवायचेही नाही आणि वाढवायचेही नाही, तर रोज किती खावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे पहिले उत्तर असे की आज जेवढे खाता, त्याहून बहुधा जास्त. इंदूरला माझ्या ओळखीच्या ज्या बायका सायकल चालवतात, त्यांतील बहुतेक जणी कमी खातात आणि मी स्वतः बराच काळ त्यांच्यातलीच होते.

आमचे कुटुंब एकत्र आहे आणि स्वयंपाक एकच असतो. २०१८ साली मी आणि माझे यजमान रविवारी खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जाऊन येत असू. परतल्यावर त्यांच्या ताटात न विचारता पाचवी पोळी पडे, कारण ते एवढी सायकल चालवून आलेले असत. मी तिसरी पोळी घेतली की मोठ्या जाऊबाई म्हणत, “अगं, इतके खायचे तर सायकल चालवून उपयोग काय?” रस्ता तोच, अंतर तेवढेच, आणि तरी भूक एकाचीच खरी मानली जात होती. त्याहून वाईट म्हणजे जाऊबाईंचे म्हणणे मला पटले. मी एका आहारसल्लागाराकडून १२०० कॅलरींचा तक्ता आणला आणि तो सहा महिने निष्ठेने पाळला. आधी पोह्यांवरची शेव गेली, मग पोहेच गेले, मग रात्रीची पोळी गेली. वजन ५९ वरून ५३ वर आले आणि घरात कौतुक झाले. पाळी आधी लांबली, नंतर तीन महिने आलीच नाही, पण त्याचा संबंध मी ताटाशी लावला नाही.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही चौघे चोरलला गेलो. जाताना उतार असतो. येताना निमाडच्या बाजूने माळव्याच्या पठारावर भेरूघाट चढून यावे लागते. मी सकाळी फक्त कपभर दूध घेतले होते. घाटाच्या मध्यावर हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसले. मैत्रिणीने खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की दिली, तेव्हा वीस मिनिटांनी उभी राहू शकले, पण उरलेला घाट सायकल हाताने ढकलतच चढले. त्या आठवड्यात ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी तपासण्या लिहिण्याआधी एकच गोष्ट विचारली: “दिवसभरात खाता किती?” तोवर मला सगळ्यांनी, कमी कसे खावे, एवढेच सांगितले होते.

त्यांनी कागदावर मांडलेला हिशेब मला अजून पाठ आहे. चरबी वगळता माझे वजन सुमारे ४० किलो होते. व्यायामात जळलेले वजा केल्यावर या वजनाच्या दर किलोमागे किमान ३० कॅलरी, म्हणजे १२००, शरीराच्या स्वतःच्या कामांसाठी उरायला हव्यात, आणि ४५ च्या आसपास उरल्या तर उत्तम. मी १२०० खाऊन त्यातल्या ४०० सायकलवर खर्च करत होते, म्हणजे माझ्याकडे किलोमागे २० च उरत होत्या. असा तुटवडा लांबला की शरीर पाळी थांबवते आणि हाडांची झीज भरून काढणे कमी करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, इतकी ती खेळाडूंमध्ये आढळते. त्यातून सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा येत नसल्याने हाडांना चालण्या-धावण्याचा जो लाभ मिळतो, तोही येथे मिळत नाही.

आता तुमचे आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलोच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीला रोज १६६० कॅलरी लागतात. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने तुमचे आठवड्याचे साडेसात तास होतात आणि तासाला सुमारे ३८० कॅलरी जादा जळतात, म्हणजे दिवसाला सरासरी ४००. तेव्हा २०५० ते २१०० पासून सुरुवात करा. वरच्या ४०० कॅलरी म्हणजे तूप लावलेल्या दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि एक केळे. हे जादा खाणे सगळ्या दिवसांत सारखे विभागू नका. शंभर किलोमीटरच्या दिवशी एकट्या सायकलीवरच १९०० जातात. दीड तासापेक्षा जास्त चालवायचे असेल, तर वाटेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे एक-दोन केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू, खाल्लेच पाहिजेत. हरतालिकेचा निर्जळ उपास असेल, त्या दिवशी सायकल घरातच राहू द्या.

खाणे वाढवल्यावर पहिल्या पंधरवड्यात माझे वजन दीड किलोने वाढले आणि जाऊबाई म्हणाल्या, “बघ, मी सांगत होते ना!” त्यांचे निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष चूक होता. स्नायूंमध्ये साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते, म्हणून रिकामे कोठार भरले की काटा वर जातो. ती चरबी नव्हे. पुढे माझे वजन ५७ वर थांबले, पाळी नियमित झाली, आणि तेव्हापासून मी चौथी पोळी मागून घेते. तुम्हीही रोज काट्यावर उभ्या राहू नका, पाळीच्या आधी पाण्यानेच किलोभर फरक पडू शकतो. चार आठवड्यांची सरासरी पाहा आणि ती सरकली तरच दिवसाला १५०-२०० ने बदल करा.

मनगटावरच्या घड्याळातील कॅलरींचा आकडा अनेकदा फुगलेला असतो, त्यामुळे त्यावरून ताट ठरवू नका. थायरॉइड, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर माझा हिशेब लागू नाही, तो डॉक्टरांनीच मांडायला हवा. आणि पाळी तीन महिने चुकली, तर वजन कितीही मनासारखे असले तरी त्याच आठवड्यात दाखवून या.