चीनची ‘वेगळी चूल’

प्रश्न असा आलाय: हाँगकाँगच्या हस्तांतरावरच्या (1 जुलै 1997 ला ब्रिटनने ते चीनच्या हवाली केलं) एका लेखात ‘मग चीनने वेगळी चूल मांडली’ असं वाक्य आहे. ही चूल भाषांतरकाराने आपल्या पदरची घातली का?

नाही हो, चूल तिथलीच. चिनीत ‘लू-त्साओ’ म्हणजे चूल, आणि ‘दुसरी चूल उभारणे’ हा त्यांचा रुळलेला वाक्प्रचार. 1949 मध्ये माओंनी तो परराष्ट्र धोरणाला लावला होता: आधीच्या सरकारने जोडलेले संबंध आम्हाला आपोआप बंधनकारक नाहीत, सगळं नव्याने ठरवू.

हाँगकाँगमध्ये तो गाजला शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्यामुळे. ऑक्टोबर 1992 मध्ये त्यांनी निवडणूक सुधारणा जाहीर केल्या. मतदानाचं वय 21 वरून 18, आणि व्यवसायगटांचे नऊ नवे मतदारसंघ असे आखलेले, की जवळपास प्रत्येक नोकरदाराला मत मिळावं. विधिमंडळात थेट निवडणुकीच्या जागा मात्र 60 पैकी 20च ठेवल्या, कारण तेवढं चीनशी आधीच ठरलं होतं. ठरलेल्याचं अक्षर पाळून फटीतून वाट काढली, आणि चीन नेमका त्यावरच भडकला. 1993 मध्ये चर्चेच्या 17 फेऱ्या झाल्या, हाती शून्य. तोवर भाषा ‘थेट गाडी’ची होती, म्हणजे 1995 ला निवडून आलेले सदस्य 1 जुलै 1997 ची हद्द गाडी न बदलता ओलांडणार. ती गाडी रद्द झाली आणि चूल आली.

आता आपली चूल. मराठीत वेगळी चूल मांडणारा घरातून फुटतो. धाकटा भाऊ पडवीत तीन दगड मांडतो, थोरल्याची चूल आत चालूच राहते. म्हणून पक्षातून फुटलेल्या गटाला हा वाक्प्रचार चपखल बसतो. चीन कुठून फुटला नव्हता. तो घराचा ताबा घ्यायला येत होता आणि बजावत होता, तुमची चूल मोडून माझी मांडीन. याला मी ‘नवी चूल’ म्हणेन.

पण लेखक अगदीच चुकला असंही नाही. डिसेंबर 1996 मध्ये चीनने उभ्या केलेल्या 400 जणांच्या समितीने हंगामी विधिमंडळाचे 60 सदस्य निवडले, तेही हद्दीपलीकडे शेंझेनला, कारण हाँगकाँगवर अजून ब्रिटिशांचा झेंडा होता. जानेवारीपासून बैठकाही तिकडेच. म्हणजे पाचेक महिने दोन चुली खरोखरच वेगवेगळ्या पेटल्या होत्या. त्यातून नव्या मंडळातले 33 जण जुन्याचेही सदस्य. दोन्हीकडे पान मांडलेलं!

तेव्हा ते वाक्य या महिन्यांबद्दल असेल तर ‘वेगळी’ राहू द्या. त्याआधीच्या इशाऱ्यांबद्दल असेल तर ‘नवी’ करा. ‘समांतर व्यवस्था उभारली’ असं मात्र करू नका, मुळातली चूल कशाला विझवायची?