पावसाळा सरताना रानात दिसलेल्या अळंबीची नोंद कशी करावी? नुसता वरून फोटो पुरतो का?

नाही. वरून काढलेल्या एका फोटोवरून बहुतेक अळंबी ओळखताच येत नाहीत. निदान तीन फोटो हवेत: छत्री वरून, खालची पाती किंवा छिद्रं, आणि बुंध्यासकट पूर्ण दांडा. शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

चूक होते ती बुंध्याशी. लोक अळंबी उपटतात, दांडा तुटतो आणि नेमकी खूण मातीतच राहते. चाकूने बाजूची माती सैल करून काढा. बुंध्याला पेल्यासारखी पिशवी असेल तर ती अमानिता या गटातली असल्याची शंका घ्या. यात प्राणघातक जाती आहेत. वारुळावरच्या अळंबीचा दांडा मुळासारखा निमुळता होत खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो.

कशावर उगवली (माती, शेण, लाकूड), जवळची झाडं, वास आणि तारीख तिथेच लिहा. नमुना कागदी पिशवीत न्या, प्लॅस्टिकमध्ये तो घामेजून सडतो.

घरी दांडा कापून छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पाती किंवा छिद्रं खाली येतील अशी ठेवा, वर वाटी झाका. रात्रभरात बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांचा) ठसा उमटतो. हिरवट ठसा आला तर ती बहुधा हिरवळीवर उगवणारी विषारी क्लोरोफायलम.

फोटोवरून कुणी नाव सांगितलं म्हणून खाऊ मात्र नका.