आधी मराठीत सांगा, मग रेझ्युमे लिहा

प्रश्न : मॅडम, माझं वय ३१. डिप्लोमा मेकॅनिकल झालंय. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात ८ वर्षं क्वालिटीत आहे. आता कंपनी दुसऱ्या राज्यात चाललीय, आम्हाला डिसेंबरपर्यंतची मुदत दिलीय. ३ महिन्यांत ६० ठिकाणी रेझ्युमे पाठवला, फोन आले दोन. मित्र म्हणतो, हल्ली रेझ्युमे कॉम्प्युटरच वाचतो आणि फेकून देतो, तू पैसे देऊन नव्या डिझाइनचा करून घे. दीड हजार मागतायत. करून घेऊ का? रेझ्युमे सोबत जोडलाय.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : दीड हजार रुपये राहू द्या. तुमचा रेझ्युमे मी दोनदा वाचला आणि मगच तुम्हाला फोन केला. आपण ४० मिनिटं बोललो. त्या ४० मिनिटांत तुम्ही जे सांगितलंत, त्यातलं एक वाक्यसुद्धा या ३ पानांत नाही. तुमची अडचण तिथेच आहे.

पहिल्या पानावर काय आहे बघा. फोटो, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक, आणि ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे’ हे उद्दिष्ट. तुमचं काम सुरू होतं दुसऱ्या पानाच्या तळाशी. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १७ वर्षं भरतीचं काम करतेय. एका जागेसाठी शंभर-दीडशे रेझ्युमे समोर असतात. पहिल्या फेरीत मी एवढंच बघते : माणूस आत्ता काय काम करतो, किती वर्षं, कुठल्या पार्टवर, राहतो कुठे, नोटीस पिरियड किती. हे वरच्या अर्ध्या पानात दिसलं तर पुढे वाचते. तुमच्या रेझ्युमेत ते शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ नसतो. धर्म, लग्न, फोटो, शेवटची ‘वरील माहिती खरी आहे’ ही सहीसकट घोषणा हे सगळं काढा. आधार क्रमांक तर आजच काढा. रेझ्युमे कुणाकुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो ते आपल्या हातात नसतं.

आता कामाचं. तुम्ही लिहिलंय, ‘क्वालिटी इन्स्पेक्शनची जबाबदारी सांभाळली.’ हे भोसरीतला प्रत्येक इन्स्पेक्टर लिहितो. फोनवर मात्र तुम्ही मला अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगची गोष्ट सांगितलीत. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ५० मिलिमीटरचा. मशीनवर मोजला की ओके, ग्राहकाकडे गेला की गो गेज (भोक तपासायचा ठरावीक मापाचा दांडा) आत जात नाही. महिन्याला ३५-४० नग परत येत होते, सगळे ऑपरेटरला बोल लावत होते. तुमच्या लक्षात आलं की नग मशीनवरून काढल्या काढल्या, गरम असतानाच मोजला जातोय. तुम्ही मशीनशेजारी एक रॅक लावून घेतली, नग गार होईपर्यंत तिथे ठेवायला लावलात आणि मगच मोजायचा नियम केलात. परत येणारे नग ४-५ वर आले.

मी आमच्या टूलरूममध्ये हे सांगितलं. तिथल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लगेच कागदावर हिशेब मांडला : ५० मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमला २० अंश जास्त तापमान असेल तर माप साधारण २३ मायक्रॉननी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं दिसतं. घट्ट टॉलरन्सच्या, म्हणजे मापात अगदी थोडीच सूट असलेल्या बोअरला, तेवढा फरक नग नापास व्हायला पुरेसा आहे. ‘हा माणूस कोण?’ असं त्यांनी मला विचारलं. तुमचा रेझ्युमे वाचून आजवर कुणी हे विचारलं नसेल.

तुम्ही हे का लिहिलं नाहीत, असं विचारल्यावर म्हणालात, ‘त्यात काय एवढं मॅडम, आणि इंग्रजीत कसं मांडायचं?’ आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं म्हणजे बढाई, असं लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. त्यात इंग्रजीचा धाक. मग माणूस सायबर कॅफेतल्या तयार नमुन्यातली वाक्यं उचलतो. तुम्ही असं करा. घरी बायकोला किंवा भावाला समोर बसवा आणि मराठीत सांगा : काय बिघडलं होतं, मी काय केलं, त्याने काय झालं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. अशा ४-५ गोष्टी निघतील. मग एकेक गोष्ट दोन ओळींच्या साध्या इंग्रजीत उतरवा. तुमची ओळ अशी होईल : ‘हाउसिंग बोअरच्या तक्रारींचं कारण शोधलं (गरम नगाचं मोजमाप); नग गार करून मोजण्याची पद्धत बसवली; ग्राहकाकडून परत येणारे नग महिन्याला ३५-४० वरून ४-५ वर.’ भारदस्त क्रियापदांची गरज नाही. मापं आणि आकडे बोलतात, पण आकडा खराच हवा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर मित्राचं अर्धं खरं आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत आणि जॉब पोर्टलवर सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर उचलून कप्प्यांत भरतं आणि आमच्यासारखे लोक त्यात शब्द टाकून शोधतात. मी ‘पीपॅप’ (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत), ‘एमएसए’ (मोजमाप पद्धतीची तपासणी), ‘सीएमएम’ (अचूक मापं घेणारं मशीन) असे शब्द टाकते. हे तिन्ही तुम्ही करता, पण रेझ्युमेत फक्त सीएमएम आहे. शिवाय तुम्ही ‘टीएस १६९४९’ हे वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाचं जुनं नाव लिहिलंय. २०१६ मध्ये त्याची जागा ‘आयएटीएफ १६९४९’ने घेतली आणि जुनी प्रमाणपत्रं २०१८ मध्ये संपली. जुनं नाव दिसलं की रेझ्युमे तेव्हापासून तसाच पडलाय असं वाटतं. दोन रकान्यांची रंगीत डिझाइनं, चौकटी, टक्क्यांच्या पट्ट्या यांत सॉफ्टवेअरचा गोंधळ उडतो. दीड हजारात तुम्हाला तेच मिळालं असतं. एक सोपी परीक्षा आहे. पीडीएफमधला सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी वर-खाली झाल्या किंवा काहीच उमटलं नाही, तर सॉफ्टवेअरलाही तेच दिसणार. आणखी एक : आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तसंच तुम्ही लिहिलंय. रेझ्युमेवर स्वतःचं नाव आधी, आडनाव शेवटी.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तुम्ही ८ वर्षं एकाच कंपनीत दाखवली आहेत, पण फोनवर म्हणालात की पहिली २ वर्षं ठेकेदाराच्या पटावर होतात. तुमच्या यूएएनवरच्या (पीएफचा कायमचा क्रमांक) पीएफच्या नोंदीत त्या २ वर्षांसाठी ठेकेदाराचं नाव असणार. नवी कंपनी पडताळणीत ती नोंद मागते. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका मुलाची ऑफर अशा तफावतीवरून मागे घेतली गेली. त्याने खोटं काही केलं नव्हतं, काम त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर केलं होतं. मी त्याच्या बाजूने बोलले, पण मला थांबवता आलं नाही. तो जुन्या कंपनीचा राजीनामा देऊन आला होता. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, स्पष्ट लिहा : ‘पहिली २ वर्षं अमुक ठेकेदारामार्फत, पुढची ६ वर्षं कंपनीच्या पटावर.’ ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर सर्व्हिस हिस्ट्री उघडून तारखा तिथल्याशी जुळवून घ्या. ठेक्यावरून कायम झालात हे तर तुमच्या कामाचंच प्रमाणपत्र आहे.

प्रश्न : ताई, सांगलीत एका सीएंच्या ऑफिसमध्ये ५ वर्षं अकाउंट्स केलं. २०१६ मध्ये मुलगी झाली आणि नोकरी सोडली. आता पुन्हा करायचीय. मधली वर्षं कशी लपवू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : लपवू नका. ‘२०१६ पासून कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ लिहा आणि पुढे चला. मला तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय : भावाच्या हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब ४ वर्षं तुम्हीच बघता. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा व्हॅट होता. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. समोरच्याला धास्ती असते ती हीच, की बाईंचं ज्ञान व्हॅटच्या काळातलं असेल. पण तुम्ही दर महिन्याला जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्नं भरता, २बी हे विवरण बघून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवता, टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करता. ते सगळ्यांत वर लिहा, पगार मिळत नसला तरी. दुकानाचा प्रकार, महिन्याला साधारण किती बिलं, कुठली रिटर्नं, कधीपासून. त्याखाली सीएंच्या ऑफिसची ५ वर्षं. भावाला विचारून त्याचा नंबर हाताशी ठेवा. कुणी चौकशी केलीच तर तो सांगेल.

रेझ्युमे तयार झाला की मला एकदा पाठवा. सांगली-कुपवाडच्या एमआयडीसीत मार्चअखेरच्या कामासाठी माणसं जानेवारीपासूनच शोधतात, तेव्हा त्याआधी पाठवा.